गादी एकाची, वारसा अनेकांचा
मोशे-यहोशवापासून खान्देशातल्या संस्थानांपर्यंत उत्तराधिकाराचा आढावा

गुरूने देह ठेवल्यावर गादीवर कोण, हा प्रश्न खान्देशाच्या ओळखीचा आहे. संत सखाराम महाराजांनी १८१८ साली समाधी घेतली. त्यांच्या मागे अमळनेरच्या वाडी संस्थानात गादीपुरुषांची अखंड परंपरा चालली आणि प्रसाद महाराज हे त्यातले अकरावे गादीपुरुष. जळगावच्या श्रीराम मंदिर संस्थानात अप्पा महाराजांची गादी त्यांच्या घराण्यात चालत आली. सावदा-फैजपूर पट्ट्यात महानुभावांचे मठ, स्वामिनारायण मंदिरे आणि सतपंथाची गादी एकमेकांच्या शेजारी नांदतात. सातपुड्याच्या पायथ्याशी आदिवासींना व्यसनमुक्तीची हाक देणारे गुलाम महाराज गेले तेव्हा त्यांच्या जागी भाऊ उभा राहिला. कुठे शिष्य, कुठे मुलगा, कुठे दत्तक, तर कुठे भाऊ, अशा वारस ठरवण्याच्या अनेक रीती या एका प्रदेशात सापडतात.

या प्रश्नाचा जुना आणि विलक्षण प्रामाणिक आढावा हिब्रू शास्त्रात आहे. यहुदी त्याला तनाख म्हणतात. ख्रिस्ती बांधव त्यालाच जुना करार म्हणून ओळखतात. या ग्रंथाने आपल्या थोर पुरुषांची वारस नेमण्यातली चूक झाकून ठेवलेली नाही. जिथे सांधा नीट जुळला तिथे तो कसा जुळला हे सांगितले आहे, जिथे तुटला तिथे का तुटला हेही सांगितले आहे. ते सगळे प्रसंग खान्देशातल्या आणि मराठी मुलखातल्या उदाहरणांशेजारी ठेवून पाहिले की एक गोष्ट ठळक होते. वारस कोण, या प्रश्नापेक्षा जाणाऱ्याने आपल्या अधिकाराचे भाग कसे केले आणि ते कोणाकोणाच्या हाती दिले, यावर परंपरेचे टिकणे जास्त अवलंबून असते.

मोशेने केलेली वाटणी

मोशेला दोन मुलगे होते, गेर्षोम आणि अलियेजर. पुढारीपण त्यांच्याकडे गेले नाही. ते गेले नूनाचा मुलगा यहोशवा याच्याकडे. तरुणपणापासून तो मोशेच्या सेवेत होता, लढाईत पुढे होता आणि मोशे पर्वतावर गेला तेव्हा काही अंतरापर्यंत त्याच्या सोबत होता. मात्र सेवक म्हणून तो निर्दोष नव्हता. एलदाद आणि मेदाद नावाची दोन माणसे छावणीत संदेश सांगू लागली, तेव्हा त्यांना थांबवा, असा आग्रह यहोशवाने धरला. गुरूचा मान राखण्याची ती धडपड होती. मोशेने त्याला आवरले आणि सगळ्याच लोकांवर देवाचा आत्मा उतरला तर किती बरे होईल, अशी इच्छा बोलून दाखवली. वारसाच्या शिक्षणातला हा फार मोलाचा धडा आहे. गुरूवरची निष्ठा आणि गुरूच्या कृपेवरचा एकाधिकार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे शिष्याला गुरूच्या हयातीतच शिकावे लागते.

गणना या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात नेमणुकीचा विधी आहे. आपल्या मागे लोक मेंढपाळावाचून राहिलेल्या मेंढरांसारखे होऊ नयेत, ही विनंती मोशेने स्वतःहून देवाकडे केली. आज्ञा झाली ती अशी: यहोशवावर हात ठेव, याजक एलाजार आणि सारी मंडळी यांच्यासमोर त्याला उभा कर, आणि तुझ्या अधिकारातला काही भाग त्याला दे. भाग द्यायचा होता, सगळा अधिकार नव्हे. शिवाय महत्त्वाच्या निर्णयासाठी यहोशवाने एलाजारकडे जाऊन देवाचा कौल विचारावा, असेही ठरवून दिले. मोशेला जो थेट संवाद लाभला तो यहोशवाला वारशात मिळाला नाही.

उपासनेचा वारसा आधीच वेगळ्या मार्गाने गेला होता. होर डोंगरावर अहरोनची याजकाची वस्त्रे उतरवून त्याचा मुलगा एलाजार याला चढवली गेली. अहरोन तिथेच मरण पावला आणि लोकांनी तीस दिवस शोक केला. म्हणजे याजकपद घराण्यात राहिले, पुढारीपण घराण्याबाहेर गेले. तिसरा वारसा नियमशास्त्राचा. अनुवाद या पुस्तकानुसार मोशेने ते लिहून लेवी याजकांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या हवाली केले आणि दर सात वर्षांनी मांडवाच्या सणात पुरुष, स्त्रिया, मुले आणि परके या सगळ्यांना ते वाचून दाखवावे, अशी तजवीज केली. चौथा वाटा लोकांचा. नेमणूक त्यांच्या डोळ्यांसमोर झाली आणि ग्रंथ त्यांच्या कानांवर पडत राहणार होता.

नेतृत्व, उपासना, ग्रंथ आणि साक्षीदार समाज अशी ही चार जागी केलेली वाटणी आहे. मोशे १२० वर्षांचा होऊन गेला आणि त्याची कबर कोणाला ठाऊक नाही, असे शास्त्र सांगते. कबरीवर हक्क सांगून कोणी गादी उभी करावी, अशी सोयच राहिली नाही.

तुटलेले सांधे

यहोशवाने मात्र मोशेसारखे केले नाही. त्याने लोकांकडून करार पक्का करून घेतला, ११० व्या वर्षी देह ठेवला, पण कोणावर हात ठेवला नाही. शास्ते या पुस्तकाच्या आरंभीच देवाला आणि त्याच्या कार्याला न ओळखणारी पिढी उभी राहिल्याची नोंद येते. त्यानंतर संकट आले की एक पुढारी, तो गेला की गोंधळ, हा क्रम पिढ्यानपिढ्या चालला.

घराण्यातली सत्ता कशी सडते याचे उदाहरण शिलोच्या मंदिरातला याजक एली याच्या मुलांचे. हफनी आणि फिनहास हे दोघे याजक भाविकांच्या अर्पणातले मांस बळजबरीने काढून घेत. बाप त्यांना बोलला, पण पदावरून दूर केले नाही. त्याच मंदिरात वाढत असलेला शमुवेल एलीच्या रक्ताचा नव्हता. देवाची हाक त्याला आली, आणि ती हाक ओळखायची कशी हे त्याला एलीनेच शिकवले. स्वतःच्या घराण्याविरुद्धचा निरोपही एलीने त्याच्याकडून न लपवता वदवून घेतला. मुलांपुढे हतबल ठरलेला हा म्हातारा गुरू म्हणून या एका क्षणी मोठा ठरतो.

इतके पाहिलेल्या शमुवेलाने तरी पुढे काय केले? आपल्या मुलांना, योएल आणि अबीया यांना, बैर-शेबा येथे न्यायाधीश नेमले. त्यांनी लाच घेतली, न्याय विकला. मग वडीलधारे एकत्र आले आणि त्यांनी राजा मागितला. एका साधुपुरुषाच्या पुत्रप्रेमाने राष्ट्राची घडीच बदलली. बाप शुद्ध होता म्हणून मुलगा शुद्ध निघत नाही, हे शास्त्राने सलग दोन पिढ्यांत दाखवले आहे.

एलीया आणि अलीशा या संदेष्ट्यांची जोडी वेगळी. बारा जोड्या बैलांनी नांगरट चालली असताना एलीयाने शेवटच्या जोडीमागच्या अलीशावर आपला झगा टाकला. अलीशाने बैल कापले, नांगराच्या लाकडांवर शिजवले, गावाला जेवू घातले आणि तो एलीयाची सेवा करू लागला. शेवटच्या प्रवासात एलीयाने त्याला तीनदा मागे राहायला सांगितले, तो राहिला नाही. गुरूकडे त्याने मागितला तो थोरल्या मुलाचा दुप्पट वाटा. एलीया वावटळीतून वर गेला, झगा खाली राहिला, आणि अलीशाने त्या झग्याने यार्देन नदीचे पाणी दुभंगले तेव्हा संदेष्ट्यांच्या शिष्यमंडळाने त्याला मानले. तरीही त्यांनी पन्नास माणसे पाठवून तीन दिवस एलीयाचा शोध घेतला. नव्या गुरूला मान देतानाही जुना गुरू परत येईल अशी आशा शिष्यांना सोडवत नाही, हे त्यातून दिसते.

अलीशाचा स्वतःचा सेवक गेहजी. क्रमाने पाहिले तर पुढचा वारस तोच. पण कोडातून बरे झालेल्या नामान या सेनापतीकडून अलीशाने नाकारलेले धन गेहजीने मागून जाऊन खोटे बोलून घेतले, आणि ती साखळी तिथेच तुटली. सान्निध्य पुष्कळ होते, चारित्र्य कमी पडले.

खान्देशातला महानुभाव वारसा

मोशेच्या वाटणीशी सर्वांत जवळचे मराठी उदाहरण महानुभाव पंथाचे आहे. भडगाव तालुक्यातले कनाशी हे चक्रधरस्वामींच्या आठवणीने पावन मानले जाणारे स्थान, आणि रावेर-यावल भागातल्या अनेक घरांत आजही या पंथाची उपासना चालते. चक्रधरांनी उत्तरापंथे गमन केले, अशी अनुयायांची श्रद्धा आहे, त्यामुळे त्यांचीही समाधी नाही. शिष्यांना त्यांनी ऋद्धिपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सन्निध राहायला सांगितले आणि शिष्यमंडळाची सूत्रे नागदेवाचार्यांनी सांभाळली. गोविंदप्रभूंनंतर पंथाचा भार नागदेवांवर आला. ते आचार्य झाले, पण चक्रधरांच्या जागी देव म्हणून बसले नाहीत. अधिकाराचा भाग मिळणे म्हणजे काय, ते इथे दिसते.

ग्रंथाचा वारसा दुसऱ्यांनी उचलला. म्हाइंभटांनी गावोगाव जाऊन, आठवणी पारखून लीळाचरित्र सिद्ध केले. केशिराजबासांनी चक्रधरांची वचने सूत्रपाठात लावली. पुढे मूळ पोथी परचक्रात गेली आणि ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली, असे परंपरा सांगते. लीळाचरित्राचा एक पाठ हिराइसा या स्त्रीच्या नावाने ओळखला जातो. हिब्रू शास्त्रात याला दोन जोड सापडतात. यिर्मया संदेष्ट्याने सांगितलेली आणि बारूखाने लिहिलेली गुंडाळी राजाने जाळली, तेव्हा ती पुन्हा सांगून लिहिली गेली. मंदिरात नियमशास्त्राची पोथी सापडली, तेव्हा तिचा निर्वाळा घेण्यासाठी राजा योशीयाने माणसे पाठवली ती हुल्दा या संदेष्ट्रीकडे. ग्रंथाच्या वारशात स्त्रियांचे स्थान दोन्हीकडे मोठे आहे. गादीच्या वारशात ते क्वचितच मिळाले.

महानुभावांत पुढे आम्नाय झाले. परंपरेने ते तेरा मानले जातात. आचार्यपदाच्या शाखा झाल्या तरी पंथ एक राहिला, कारण पोथी आणि आचारधर्म सगळ्यांचे समान होते.

समर्थांचा वारसा आणि धुळ्याची जबाबदारी

रामदासस्वामींनी १६८२ साली सज्जनगडावर देह ठेवला. मुले नव्हती, शिष्य पुष्कळ होते, मठ दूरदूर पसरलेले होते. चाफळच्या उत्सवाची आणि व्यवस्थेची जबाबदारी दिवाकर गोसावींकडे होती. उद्धव गोसावींशी तंटा उभा राहिला आणि तो छत्रपती संभाजी महाराजांपर्यंत गेला. समर्थांनी जे ठरवून दिले आहे तेच चालावे, असा कौल महाराजांनी अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून दिला. पुढे जांबेहून समर्थांचे थोरले भाऊ श्रेष्ठ यांच्या घराण्यातले गंगाधरस्वामी आले आणि अधिकार घराण्याकडे वळला. शिष्य की घराणे, हा प्रश्न थोर गुरूच्या मागेही किती तीव्र होतो हे यातून कळते. गुरूची स्पष्ट आज्ञा लोकांना माहीत होती, म्हणूनच निवाडा शक्य झाला.

समर्थांच्या वारशाचा ग्रंथरूप भाग मात्र धुळ्याने आपल्या खांद्यावर घेतला. शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये धुळ्यात सत्कार्योत्तेजक सभा स्थापली आणि मठामठांतून रामदासी बाडे गोळा केली. कल्याणस्वामींच्या हातच्या डोमगावच्या प्रतीवरून त्यांनी दासबोध छापला. ते सारे धन समर्थ वाग्देवता मंदिरात ठेवले. देव कोणत्याही मठाचे अधिपती नव्हते. गादीवर न बसताही परंपरेचा वारस होता येते, हे त्यांनी आयुष्यभर दाखवले. याच धुळ्यात १९२६ च्या अखेरच्या दिवशी इतिहासाचार्य राजवाडे गेले, आणि त्यांच्या कागदपत्रांसाठी राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले.

धुळ्याच्या तुरुंगातही १९३२ साली असाच एक सांधा जुळला. विनोबा कैद्यांसमोर गीतेच्या एकेका अध्यायावर बोलले, आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींनी ते टिपून घेतले. गीता प्रवचने हे पुस्तक त्यातून झाले. यिर्मयाला जसा बारूख, तसे विनोबांना गुरुजी. विनोबांनी पुढे कोणाला गादीवर बसवले नाही. पवनारच्या ब्रह्मविद्या मंदिरात, १९५९ पासून, बहिणींच्या सामूहिक साधनेवर त्यांनी विश्वास टाकला. ज्या समाजाने मुक्ताईला चांगदेवांची गुरू मानले, तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचे आणि कोथळी-मेहूणला तिचे स्थान उभे केले, त्या समाजाला हा प्रयोग परका वाटू नये.

घराणे, दत्तक आणि भाऊ

घराण्यातला वारसा सरसकट वाईट, असे म्हणणे अन्यायाचे होईल. हिब्रू शास्त्रात अहरोनाचे घराणे शतकानुशतके सेवेत राहिले. जळगावचा रथोत्सव अप्पा महाराजांनी १८७२ साली सुरू केला आणि कार्तिकी एकादशीला तो आजही निघतो. गादी घराण्यात असली तरी रथ एकट्या घराण्याचा नाही. चाकांना मोगरी लावणारे, दोर ओढणारे, वहने सजवणारे वेगवेगळ्या समाजांचे मानकरी पिढ्यानपिढ्या आपले काम करतात, आणि भिलपुऱ्यात लालशाह बाबांच्या दर्ग्याशी थांबून रथ तिथे मान देतो. अमळनेरलाही वैशाखात एकादशीचा रथ आणि पौर्णिमेची पालखी यांना सारा तालुका साक्षी असतो. गादीवरच्या माणसाला दरवर्षी लोकांसमोर यावे लागते, ठरलेली सेवा ठरल्या रीतीने करावी लागते. मोशेच्या वाटणीतला चौथा वाटा, साक्षीदार समाज, या उत्सवांनी जिवंत ठेवला आहे. वारकऱ्यांचेही तसेच. मुक्ताईची पालखी पंढरपूरला जाते ती चालणाऱ्यांच्या पायांवर.

स्वामिनारायण संप्रदायात सहजानंद स्वामींनी हयातीतच, १८२६ साली, दोन पुतण्यांना दत्तक घेतले आणि अहमदाबाद व वडताल अशा दोन गाद्या लेखी वाटणीने नेमल्या. आचार्यांना गृहस्थ ठेवले, साधूंना विरक्त. पद आणि वैराग्य मुद्दाम वेगळ्या हातांत दिले.

गुलाम महाराजांची गोष्ट सर्वांत हृद्य आहे. तेव्हाच्या पश्चिम खान्देशात, तळोद्याजवळच्या रंजनपूरला, हजारो आदिवासी त्यांच्या आरतीला जमत. दारू सोडा, स्वच्छ राहा, एकमेकांना आप म्हणा, एवढी साधी शिकवण. १९३८ मध्ये ते गेले. चळवळ नुकतीच उभी राहत होती, वारस घडवायला वेळच मिळाला नव्हता. भाऊ रामदास महाराजांनी ती पुढे नेली. त्यानंतरच्या काळात शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांनी तोच जागर जमिनीच्या आणि हक्कांच्या लढ्याला जोडला. इथे पोथी नव्हती, मठ नव्हता, मालमत्ता नव्हती. वारसा लोकांच्या वागण्यात उतरला होता, म्हणून तो तीन टप्पे ओलांडू शकला.

कोकणातले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. दाऊद राहाबी यांनी तीन घराण्यांतल्या माणसांना धर्मविधी शिकवून काजी नेमले, अशी त्यांची परंपरा सांगते. पुढे मुंबईत या समाजाने मराठी कीर्तनातून हिब्रू शास्त्रातली चरित्रे गायली. मोशेची कथा मराठी कीर्तनाच्या चौकटीत सहज बसली, कारण गुरू, शिष्य आणि गादी हा प्रश्न ऐकणाऱ्यांच्या घरचाच होता.

कायदा काय करतो, काय करू शकत नाही

आज बहुतेक संस्थाने १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेली आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हिशेब तपासून घ्यावे लागतात. देवस्थानाची जमीन आणि दानपेटी एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, यासाठी हे हवेच. एलीच्या मुलांना आवरणारे असे कोणी शिलोच्या मंदिरात नव्हते.

पण बदल अर्जाने विश्वस्त ठरतो, गुरू ठरत नाही. भक्त ज्याच्या पाया पडतो त्याचा अधिकार नोंदवहीतून येत नाही. जिथे गुरूने हयातीत काही सांगितले नाही तिथे मालमत्तेचा वादच गादीचा वाद होऊन बसतो, आणि ज्या प्रश्नाचे उत्तर साधनेतून यायला हवे ते वकिलांकडून मागितले जाते. ही त्या संप्रदायाची मोठी हानी असते, आणि तिची भरपाई कोणत्याही निकालाने होत नाही.

आढाव्यातून हाती काय येते

एवढी उदाहरणे शेजारी ठेवल्यावर काही गोष्टी खात्रीने म्हणता येतात. वारस नेमणे हे गुरूचे शेवटच्या आजारपणातले काम नाही. यहोशवा आणि अलीशा वर्षानुवर्षे सेवेत होते आणि त्या सेवेतच त्यांची परीक्षा झाली. नेमणूक उघड्यावर व्हावी. चार माणसांच्या कानात सांगितलेली आज्ञा चार प्रकारे आठवली जाते. गुरूचा सगळा अधिकार वारसाला देऊ नये. पूजा, पोथी, पैसा आणि प्रबोधन ही कामे वेगवेगळ्या, एकमेकांना विचारणाऱ्या हातांत असावीत. मुलगा पात्र असेल तर तो मुलगा आहे म्हणून त्याला डावलू नये, आणि अपात्र असेल तर मुलगा आहे म्हणून बसवू नये. गेहजीचा धडा शिष्यांनाही तितकाच लागू आहे. आणि लेकींना व स्त्री-शिष्यांना या विचारातून वगळण्याचे आता काहीही कारण उरलेले नाही. मुक्ताईचा वारसा सांगणाऱ्या भूमीत तर मुळीच नाही.

खान्देशातल्या अनेक संस्थानांत आज वयोवृद्ध अधिकारी आहेत आणि उमेदीचे, शिकलेले तरुण सेवेकरीही आहेत. ही वेळ चांगली आहे. ज्यांच्या शब्दाला मान आहे त्यांनी तो शब्द आत्ताच, सर्वांसमोर, लेखी आणि तोंडी उच्चारावा. उत्सव, हिशेब, ग्रंथ आणि उपदेश यांची वाटणी करून द्यावी, आणि वारसाला आपल्या डोळ्यांदेखत चुका करून शिकू द्यावे. भक्तांनीही हा प्रश्न विचारणे अशुभ मानू नये. मोशेने तो स्वतःहून देवाला विचारला होता, कारण त्याला स्वतःच्या नावापेक्षा मागे राहणाऱ्या लोकांची काळजी अधिक होती. ज्या गुरूला तशी काळजी असते, त्याच्या परंपरेला वारस मिळतोच.